रिकामी झोळी हलवू नये

आई सांगलीहून आली ती मला परत न्यायला. तोंडाने म्हणाली, "चार दिवस बघून जाते गं." पण चार दिवसांसाठी येणारं माणूस दोन रिकाम्या बॅगा आणत नाही. त्या माझं सामान भरायला होत्या, हे मला स्टेशनवरच कळलं.

तेव्हा गुडगावात नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि पाणी मात्र टँकरने येत होतं. मी मानेसरच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. कंपनीच्या बसने जायचे-यायचे, चौथ्या मजल्यावर एकटी राहायचे. यातलं 'एकटी' आईला खुपत होतं. मला तर ती दोन खोल्यांची जागा जिवापाड आवडत होती, काही झालं तरी सोडायची नव्हती. म्हणून मी ठरवलं, आईला दाखवून द्यायचं की मी स्वतःला सांभाळू शकते. आणि अतिशहाणपणा करून तिला राफ्टिंगला नेलं.

ऑफिसातले आम्ही सहा जण रबरी होडीतून तीन दिवस अलकनंदेवरून जाणार होतो. मुक्काम काठावर. होडीत तंबूंना जागा नव्हती, पण आमच्यातल्या एका पानिपतच्या पठ्ठ्याने केबलवर गोऱ्यांना झाडाला टांगलेल्या झोळ्यांत झोपताना पाहिलं होतं. त्याच्या काकांचे हातमाग. त्याने खेसाच्या, म्हणजे तिकडच्या जाड सुती विणीच्या, चादरींना दोर लावून सगळ्यांसाठी झोळ्या करून आणल्या. "आंटीजी, एकदम फॉरेनवाली चीज है!" आईने कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मला मराठीत म्हणाली, "हे भिजलं तर दिवाळीपर्यंत वाळायचं नाही."

निघताना गाइडने विचारलं, तैरना किस किस को आता है? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हात वर केला फक्त आईने. ती कृष्णेत पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकली होती. मी त्याच नदीकाठची, पण पाण्याला लांबूनच नमस्कार करणारी. पहिल्या मोठ्या लाटेला मी डोळे मिटून किंचाळले. आईने डोक्यावरचं हेल्मेट सारखं केलं आणि गाइडला म्हणाली, "भाईसाब, और एक बार आयेगा क्या ऐसा?"

त्या लाटेत झोळ्यांचं गाठोडं चिंब भिजलं. संध्याकाळी मीच आधी माझी झोळी बांधली, आईच्या देखत, ऐटीत. ओला खेस म्हशीसारखा जड झाला होता. मी आत जेमतेम टेकले आणि दोर सुटून धपकन वाळूत आदळले. पानिपतात आपल्या लोकांचं काय झालं ते शाळेत शिकले होते, तरी पानिपतच्या मालावर विसंबले! आई पोट धरून हसली. मला मात्र रडू आलं. ऑफिस, चौथा मजला, सगळं त्या झोळीबरोबर खाली आल्यासारखं वाटलं.

आईने पिशवीतून जुनं सुती नऊवारी काढलं. ती कुठेही निघाली की अंथरायला, पांघरायला असं एक लुगडं बरोबर घेतेच. तेही भिजलं होतं, पण वाऱ्यावर धरलं तर तासाभरात वाळलं. दुहेरी करून तिने दोन झाडांना अशी गाठ मारली की गाइडसुद्धा वाकून बघायला लागला. "लहानपणी यातच झोपायचीस," ती म्हणाली. "तेव्हाही एकदा पडली होतीस. लगेच परत चढायचा हट्ट."

सकाळी आम्ही चहा पीत होतो. वाऱ्यावर सगळ्या झोळ्या हलत होत्या. आई उठली, काठावरचे गोल गोटे गोळा केले आणि एकेका झोळीत एकेक ठेवत गेली. पानिपतवाला घाबरून माझ्याकडे बघायला लागला. आईने त्याला तिच्या हिंदीत समजावलं, "खाली झोला हलना नहीं चाहिये. हमारे में अच्छा नहीं मानते."

"आई, ते पाळण्याचं असतं. इथे बाळ कुठंय?" मी वैतागून म्हटलं.

"बाळ नसलं म्हणून काय झालं? कुणाची तरी जागा आहे ना ती."

दुसऱ्या दिवशी पाचही जण उठल्या उठल्या आपापला गोटा शोधायला पळाले. मॅनेजर लोक, पण गोट्यावरून भांडले.

परतताना आईने माझ्या राहण्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मीही विचारलं नाही, धीरच झाला नाही. निजामुद्दीन स्टेशनवर त्या दोन रिकाम्या बॅगांतली एक उचलली तर हात खाली आला. आत बघते तो माझ्या झोळीतला गोटा.

"कृष्णेत काय दगडांचा दुष्काळ पडलाय?" मी म्हटलं.

"गप गं. दुसरी बॅग तुझ्याकडेच राहू दे," ती म्हणाली, आणि गाडी हलली.

चार दिवसांनी एसटीडी बूथवरून फोन केला. पोचलीस का, जेवलीस का, सगळं झालं. मग मी हळूच विचारलं, "तो दगड कुठे ठेवलास?"

"तुझ्या पलंगावर. येता-जाता रिकामा दिसायचा, बरं नाही वाटायचं."

"म्हणजे मी राहू ना इथे?"

"मग काय, हौस म्हणून एवढा ओढत आणला?" आई म्हणाली. "आणि ते लुगडं तुझ्याकडेच आहे. गॅलरीत बांधशील तर गाठ नीट मार."