परदेशाची एक जागा

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. बी.ए. झालेली पहिली आणि एम.ए.साठी विद्यापीठात राहायला गेलेलीही पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि माझ्यासाठी कोणी कोणाला शब्द टाकलेला नाही.

मुकुटबनपासून आत आमचं गाव. घरची कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. पोटाला कमी नाही, मिरवायला काही नाही, असं घर.

विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कक्ष होता. इमारतीत एसी फक्त कुलगुरूंकडे आणि तिथे. त्या कक्षाच्या मॅडम दर हिवाळ्यात जागतिक विकासावर आठवडाभर कार्यक्रम घ्यायच्या. बाहेरच्या देशांतले प्राध्यापक यायचे, गळ्यात ओळखपत्रं अडकवून फिरायचे, भाषणं करायचे, आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवून त्यांच्यासोबत फोटो काढून घ्यायचो. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मात्र फोटोच्या पलीकडचं काही होतं. युरोपातलं एक विद्यापीठ आमच्यातल्या एकाला एक सत्र तिकडे शिकायला नेणार होतं. विमान, राहणं, जेवण सगळं त्यांचं. जागा एकच. खेड्यातल्या, घरात पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला प्राधान्य, असं सूचनाफलकावर होतं. प्राधान्य म्हणजे अट नव्हे, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मला ती जागा हवी होती. इतकी की मी होस्टेलच्या मेसमध्ये भाजी वाढणाऱ्या बाईशीसुद्धा इंग्रजी बोलून बघायचे. ती म्हणायची, "बाई, पोळी पाह्यजे का भात, तेवढं सांग."

मुलाखती होऊन दोघी उरलो. मी, आणि यवतमाळची एक मुलगी. तिचे वडील सरकारी कार्यालयात अधिकारी, आजोबा निवृत्त मुख्याध्यापक, घरात इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. होस्टेलात ती माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. स्वभावाने वाईट नव्हती. वाईट असायची तिला कधी गरजच पडली नव्हती.

मॅडमनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "पाहुण्यांना तुझं घर बघायचंय. ते बघूनच ठरवतील. आणि एक ऐक, घर जसं आहे तसं ठेवा. खास काही करू नका."

मी घरी फोन लावला आणि मॅडमचे शब्द जसेच्या तसे मायला सांगितले.

"जसं हाय तसं म्हंजे?" माय म्हणाली. "पाहुने विमानानं येऊन राह्यले, आन् म्या घर सारवू बी नाही?"

"माय, मॅडमनं सांगतलं."

"तुह्या मॅडमचं घर हाय काय ते?"

मी फोन ठेवला. पाहुण्यांना बसायला चटई आणि चहा, एवढंच ती करेल असं मला वाटलं.

आमच्याकडे पोरगी पाहायला पाहुणे येतात तेव्हा सगळी आळी कामाला लागते. ज्याच्या घरात जे चांगलं असेल ते त्या दिवसापुरतं पोरीच्या घरी जातं. चादरी जातात, कपबशा जातात, पंखा जातो. पाहुण्यांनाही हे ठाऊक असतं, त्यांच्याही घरी असंच झालेलं असतं. कोणी कोणाला विचारत नाही. पाहुणे विचारतात ते प्रश्नही ठरलेले आणि उत्तरंही ठरलेली. माझ्या घरच्यांनी युरोपातल्या प्राध्यापकांना तसंच घेतलं. दुसरं कोणी आपल्या पोरीला निवडायला घरी येतं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

विद्यापीठाच्या गाडीतून मी पाहुण्यांसोबतच उतरले. बाहेरच्या भिंतीला पोपटी रंग, अजून ओला. आत शेजारच्या सुनेच्या आंदणातला सोफा, वरचं प्लास्टिक तसंच. फ्रीजसुद्धा आणला होता. त्याची वायर खटक्यापर्यंत पुरली नव्हती, म्हणून तो खोलीच्या मधोमध नुसता उभा होता. बाबा लग्नातल्या सफारीत. मागच्या अंगणात पंगतीचा आचारी पुऱ्या तळत होता. खरं सांगते, दारातून ते सगळं पाहिलं तेव्हा मला बरं वाटलं. आपलं घर असं दिसू शकतं, हे मलाही माहीत नव्हतं.

पाहुणे दोघं होते. एक उंच बाई आणि एक म्हातारा प्राध्यापक. शेजारच्या काकूने माझ्या कानात विचारलं, "यातला पोरगा कोनता व? का मागून येऊन राह्यला?"

दुभाषी म्हणून मॅडमनी यवतमाळवाल्या मुलीलाच आणलं होतं. पाहुण्या बाईंनी विचारलं आणि तिने बाबांना मराठीत सांगितलं, "काका, त्या विचारतायत, तुम्ही रोज काय जेवता?"

"हेच," बाबा पुढच्या ताटाकडे बोट करून म्हणाले.

"पनीर?"

"पनीर, पुरी. कधी गोडधोड."

"पाण्याची काही अडचण?"

"चोवीस तास पानी."

"आणि शेतात कोण राबतं?"

"मजूर हायेत ना. आमच्या घरच्या बाया वावरात जात नाहीत."

माय त्यांच्या मागेच उभी होती. आदल्या दिवसापर्यंत ती वेचणीला होती. कापसाच्या बोंडांनी बोटं चिरून निघालेली, ती तिने पदराखाली घेतली.

त्या मुलीने प्रत्येक उत्तर इंग्रजीत सांगितलं. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. तक्रार करावी असं तिने काहीच केलं नाही. पाहुण्या बाईंनी भाकर मिळेल का विचारलं, तेव्हा माय ओशाळून म्हणाली, "भाकर कोनी पाहुन्याले देते काय." तेही तिने इंग्रजीत सांगितलं.

मला तिथे बोलता आलं असतं. इंग्रजी मला येत होतं. पण बापाला त्याच्याच घरात, चार माणसांसमोर, त्याला न समजणाऱ्या भाषेत खोटं पाडायचं, हे मी केलं नाही. आज विचाराल तरी त्या दिवशी मी तेच करेन.

जेवण झाल्यावर ती मुलगी पाहुण्यांना म्हणाली, जरा फिरून येऊ. गावाबाहेरच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. ती त्यांच्यात जाऊन बसली, नावं विचारली, त्यांच्या कमरेला बांधलेल्या ओटीतला कापूस स्वतःच्या ओढणीत घेतला. म्हाताऱ्या प्राध्यापकाने फोटो काढले. मी तेव्हा मायसोबत ताटं उचलत होते.

परतीच्या वाटेवर गाडीत मॅडम मागे वळल्या. "तुला मी काय सांगितलं होतं? यांना वाटतंय, मी त्यांना जमीनदाराकडे नेलं."

"मॅडम, तो सोफा आमचा नाही."

"मग कोणाचा?"

"शेजारच्या सुनेचा. फ्रीजपण दुसऱ्यांचा."

मॅडम हसल्या आणि त्यांनी ते पाहुण्यांना सांगितलं. पाहुणेही हसले. मग पाहुण्या बाईंनी मला विचारलं, पण आमच्याशी खोटं कशासाठी बोललात. तशा त्या शांतपणे बोलल्या, पोराला समजवावं तशा. मी त्यांना पोरगी पाहण्याची पद्धत नीट सांगितली. माझं इंग्रजी त्या दिवसाइतकं चांगलं कधी झालं नव्हतं. त्यांना फार मजा आली. म्हाताऱ्या प्राध्यापकाने तर पुन्हा सांगायला लावलं. उतरताना मॅडम मला हळूच म्हणाल्या, "हे सगळं छान आहे, पण खोट्या माणसाला कोण नेतं?"

शेवटच्या दिवशी मोठ्या सभागृहात नाव जाहीर होणार होतं. मला अंदाज आला होता, पण अंदाज आला म्हणून आशा सुटते असं नाही. बाबांना येऊ नका म्हटलं होतं. ते दोन गाड्या बदलून आले, त्याच सफारीत. पुढच्या रांगेत बसले, तर शिपायाने उठवून मागे नेलं. मला मॅडमनी स्वयंसेवक केलं होतं. पुष्पगुच्छांचा ट्रे धरून भिंतीला उभं राहायचं आणि नाव पुकारलं की ट्रे घेऊन मंचावर जायचं.

जाहीर करणारे इंग्रजीत बोलत होते. यवतमाळवाल्या मुलीने आमच्या भागातल्या कापूस वेचणाऱ्या बायांवर सादरीकरण केलं होतं. त्याच्या शीर्षकात मुकुटबन होतं. बाबांना त्या सगळ्या बोलण्यात तो एकच शब्द ओळखीचा. तो ऐकला आणि ते उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. सभागृहात सगळेच वाजवत होते, म्हणून कोणाला वेगळं वाटलं नाही. मंचावर ती मुलगी चढली आणि तिच्या मागून ट्रे घेऊन मी. बाबांनी मला मंचावर पाहिलं आणि खिशातून फोन काढला. वरून मला दिसत होतं. एका कानावर हात ठेवून ते ओरडून बोलत होते.

कॅन्टीनच्या बाहेर आम्ही चहा घेतला.

"मंग, कधी निंघाचं?" त्यांनी विचारलं.

"मले नाही भेटलं, बाबा."

"काहून? तू टेजवर होती."

"मी फुलं घेऊन गेलती."

त्यांनी कप खाली ठेवला. "आपल्या मुकुटबनचं नाव घेतलं त्याईनं."

"तिनं आपल्या इकडच्या बायांवर लिहलं."

"आपल्या बायांवर लिहून तिले भेटलं, आन् तू त्या बायांतली, त तुले नाही?"

"नाही."

त्यांनी कप पुन्हा उचलून चहा संपवला. मग म्हणाले, "म्या तुह्या मायले सांगतलं होतं. फ्रीज चालू पाह्यजे होता."

"बाबा, त्याईले गरीब पाह्यजे होते."

"कायले?"

मी त्यांचा कप उचलून बाजूला ठेवला.

"आपन गरीब नोहो," बाबा म्हणाले. ते त्यांनी असं म्हटलं की पुढे बोलायची सोयच ठेवली नाही.

मी म्हटलं, "मायले फोन करा. तिनं आतापर्यंत आळीत पेढे वाटले असतील."

"तूच कर ना बाई."

"मघाशी तुम्ही केलता. आताही तुम्हीच करा."

त्यांनी केला. माझ्याकडे बघत बघतच बोलले. "आयक. ते काही खरं नाही. तिनंच नाही म्हटलं. हो, नाव आलतं तिचंच. पन तथी थंडी लय, म्हने. खान्याचे हाल. मास-मटन खातात सारे. तिनंच म्हटलं, मले नाही जमत." पलीकडून मायचा आवाज मला ऐकू आला, "बरं केलं पोरीनं." बाबांनी फोन खिशात टाकला आणि माझ्यासाठी दुसरा चहा सांगितला. मी तो घेतला नाही.

तेव्हापासून गावात मी परदेश नाकारलेली पोरगी झाले. बाया कौतुकाने म्हणायच्या, काही टोमण्याने म्हणायच्या, "लय मोठी झाली, तिले इमानात बसनं बी पसंत नाही." मी खोडून काढलं नाही. खोटं बाबांचं होतं, ते त्यांनी सांभाळावं, असा माझा हिशोब. पुढे मी नेट पास झाले. आता ढाणकीला कॉलेजात तासिकेवर शिकवते आणि दिवाळीला गावी जाते.

गेल्या दिवाळीत आमच्या आळीतले एक काका बाबांकडे आले. त्यांची मुलगी पुण्याला शिकायला जाऊ म्हणत होती. तिथला एक वर्षाचा भाग बाहेरच्या देशात होता आणि पहिल्या फेरीत तिची निवड झाली होती. तिचं पुढचं सगळं काकांच्या होकारावर अडलं होतं. ती दाराशी चौकटीला टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. शेजारपाजारचे आणखी दोघं ओट्यावर बसलेले.

काका माझ्याकडे हात करून तिला म्हणाले, "हे पाय. इनं त हातात आलेलं सोडलं. शिकलेली पोट्टी हाय, इले समजलं का तथी काही ठेवलं नाही. आन् तू कायले नाचून राह्यली?"

बाबांनी मान हलवली. "घरच्यासारखं कोठी नसते बाप्पा."

मी म्हटलं, "काका, मी नाही म्हटलं नव्हतं. मले जाचं होतं. त्याईनं मले घेतलं नाही. हे बाबानं मनानं सांगतलं."

ओट्यावरचे दोघं इकडेतिकडे बघू लागले. बाबांनी गळ्यातला दुपट्टा काढला, झटकला, पुन्हा घातला. त्या मुलीचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं असावं, आता झालं.

काकांना माझा राग आलेला नव्हता. त्यांनी सरळ विचार केला आणि म्हणाले, "मंग त प्रश्नच मिटला. तू येवढी हुशार. तुले घेतलं नाही, त इले कोन घेईन?"

"पहिल्या फेरीत घेतलं हाय ना तिले."

"तूही गेलती ना शेवटपर्यंत?"

मी काही म्हणायच्या आत ते उठले. मुलगी त्यांच्या मागे गेली. दुसरे दोघंही काहीतरी कारण काढून निघाले.

बाबा म्हणाले, "माह्या खोट्यानं तुही इज्जत त होती."

"माही होती का तुमची?"

ते आत गेले. त्या दिवाळीत आम्ही एकमेकांशी जेवायला बोलावण्यापुरतंच बोललो.

ढाणकीला परतल्यावर मी काकांच्या मुलीला फोन केला. दुसऱ्या फेरीची तारीख जवळ आली होती आणि मला तिला एक-दोन गोष्टी सांगायच्या होत्या. फोन तिच्या आईने उचलला. म्हणाली, "ती वेचनीले गेली. आता फोन माह्याजवळच राह्यते."