भट्टीसमोरचा तक्ता

माझ्या थोरल्या भावाला रेल्वेने प्रत्येक तपासणीत ‘ए-वन’ ठरवलं होतं. म्हणजे दृष्टी निर्दोष, गाडी चालवायला लायक. तो दाखला दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेला असे. दाखला खोटा नव्हता. दादाचा डावा डोळा अधूनमधून बंद पडायचा, एवढंच दाखल्याला माहीत नव्हतं.

मला तो प्रकार एका रविवारी कळला. मी शिरूरला शाळामास्तर. महिन्यातून एकदा न्हावऱ्यावरून एसटीने हाडं खिळखिळी करून घेत दौंडला जायचो. त्या सकाळी दादा अंघोळीच्या बंबात ढलप्या सारत होता. वाकून त्याने विस्तव पाहिला, उठला, आणि डाव्या हाताला ठेवलेली भरली बादली पायाने उडवली. वहिनी आतून म्हणाली, “अवो, दिसत न्हाई का?” तिने ते वैतागून विचारलं होतं. दादा बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला. उजव्या डोळ्यावर तळहात धरून समोरच्या लिंबाकडे बराच वेळ बघत राहिला.

“आता दिसाय लागलं,” तो शेवटी म्हणाला.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. दुकानाचं शटर ओढावं तसा वरून काळोख खाली उतरतो. दुखत नाही, खुपत नाही. पाच-दहा मिनिटांनी आपोआप वर जातो. वर्षभर चाललं होतं, आणि बहुतेक वेळा इंजिनाच्या भट्टीत पाहिल्यावर. भट्टीत पाहिलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे अंधारी येते, त्यामुळे शेडमध्ये त्याला कुणी दुखणं म्हणत नसे. दादानेही म्हटलं नव्हतं. पण इतरांची अंधारी क्षणात निघून जायची. याची राहायची, तीही एकट्या डाव्या डोळ्याची. आणि ड्रायव्हर बसतो डावीकडे. बॉयलरच्या कडेने डोकं बाहेर काढून सिग्नल पाहायचा तर डावाच डोळा कामाला येतो. उजव्याला दिसतं ते बॉयलरचं पोट.

रेल्वेच्या डॉक्टरला सांग, असं मी म्हणालो.

“सांगितलं की खाली उतरवत्यात. मग शेडात चिंध्या धूत बसू का?”

कोळसा ओढण्यापासून सुरुवात करून वीस वर्षांनी तो त्या डावीकडच्या जागेवर पोचला होता. डिझेलची इंजिनं दिसायला लागली होती. वाफेचं शेवटचं इंजिन जाईपर्यंत आपण तिथे असावं, एवढंच त्याचं मागणं होतं. मला मात्र त्याच्यामागचे माणसांनी भरलेले डबे दिसायचे.

तडजोड म्हणून त्याला शिरूरला आणलं. आमच्या शाळेत मोफत नेत्रशिबिर होतं, आणि तिथल्या तपासणीची खबर दौंडला जाण्याचं कारण नव्हतं. उद्घाटक पाहुणे तीन तास उशिरा आले. निमोण्याहून, केंदूरहून, कवठे येमाईहून आलेली म्हातारी माणसं तोवर फाल्गुनातल्या उन्हात बसली होती. मंडप होता, पण व्यासपीठापुरता. पाहुणे येणार म्हणून व्यासपीठामागच्या भिंतीला ताजा चुना दिला होता, आणि तिच्याकडे पाहवत नव्हतं. पाहुणे आले, हार झाले, आणि त्यांनी काळा गॉगल न काढता पाऊण तास प्रकाशाचं माहात्म्य सांगितलं. ध्वनिक्षेपक इतका मोठा होता की आमच्या पुढे बसलेल्या मेंढरंवाल्या आबांनी कानांवर हात ठेवले. “आमचं डोळं गेल्यात,” ते म्हणाले, “कान न्हाईत.”

तेवढ्यात दादाने माझं मनगट धरलं.

“गेला.”

मी मास्तर असल्याचा तेवढा एक फायदा आयुष्यात घेतला. रांग मोडून त्याला वर्गात तरुण डॉक्टरसमोर नेऊन बसवलं. डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून बोटं दाखवली. दादाला बोटं सोडा, डॉक्टरच दिसत नव्हते. मग त्यांनी विचारलं, हे उजेडाकडे पाहिल्यावर होतं का, विडी किती ओढता. उत्तरं ऐकून त्यांनी डोळ्याचा नाद सोडला आणि स्टेथोस्कोप दादाच्या गळ्याला डाव्या बाजूने लावला. रांगेतून आवाज आला, “आयला, ह्याचा डोळा पार गळ्यात उतरला व्हय?” सगळे हसले. डॉक्टर हसले नाहीत. बराच वेळ ऐकून त्यांनी नळ्या दादाच्याच कानांत घातल्या.

दादा ऐकत राहिला. फट बारीक असली की वाफ जशी फुसफुसते तसा आवाज, असं त्याने मला नंतर सांगितलं. डॉक्टरांना तो म्हणाला, “पाईपात खार धरलाय.”

दौंडच्या पाण्याने बॉयलरच्या नळ्यांत खार बसतो. वरून सगळं ठीक दिसतं, ताकद मागितली की इंजिन दम टाकतं. डॉक्टरांनी मान हलवली. गळ्यातली रक्तवाहिनी अरुंद झाली होती. डोळा चांगला होता, त्याला रक्त पुरत नव्हतं. साध्या उजेडात भागायचं. झगझगीत उजेड पाहिल्यावर डोळ्याला सावरायला जास्त रक्त लागतं, ते पोचायचं नाही. आणि तीच नळी पुढे मेंदूला जाते. आज डोळा, उद्या वाचा जाईल नाहीतर उजवा हात. ऑपरेशन मुंबईला क्वचित कुणी करतं, त्यात जिवाचा धोका. विडी आजपासून बंद, इंजिनही आजपासून बंद.

“मी रेल्वेचा माणूस नाही. मी कळवणार नाही,” ते म्हणाले. “तुम्ही कळवा.”

त्यांनी शिबिराच्या चिठ्ठीमागे पेन्सिलीने चार ओळी लिहून दिल्या. दादाने चिठ्ठी माझ्या खिशात घातली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेला.

विडी त्याने सोडली. इंजिन सोडलं नाही. पुढचे दोन महिने मी दर रविवारी दौंडला गेलो, तेच भांडण भांडलो आणि त्याच एसटीने परत आलो. सोमवारी सातवीला नागरिकशास्त्र शिकवायचो, चिठ्ठी खिशात. शेडच्या साहेबांना चार ओळींचं पत्र टाकणं मलाही जमलं नाही. भावाचा घास काढायला जो निगरगट्टपणा लागतो तो माझ्यात नव्हता. जे होतं त्याला मी चांगुलपणा म्हणत होतो.

इंजिनावर रीत अशी की सिग्नल दिसला की फायरमनने मोठ्याने सांगायचं आणि ड्रायव्हरने स्वतः पाहून तेच मोठ्याने म्हणायचं. चार डोळ्यांची खात्री. दादा अलीकडे कानांनीच खात्री करत होता. एका दुपारी भट्टी बघून तो जागेवर बसला. धुरातून फायरमन ओरडला, “हात पडला.” म्हणजे सिग्नलचा हात खाली, वाट मोकळी. दादाही म्हणाला, “हात पडला.” आणि वाफ वाढवली. पुढच्याच दमाला फायरमनचा आवाज बदलला. “न्हाई वस्ताद, उभा हाय. उभा हाय.”

गाडी सिग्नलच्या अलीकडे थांबली. लोकांनी खिडक्यांतून डोकी काढून चहावाला शोधला. कुणाला काही कळलं नाही.

“त्याची चूक झाली,” दादा मला म्हणाला. “माझी चूक न्हवती, लबाडी व्हती. म्या न बघता बोललो.”

दौंडला उतरल्यावर तो तसाच काळ्या हातांनी साहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. रेल्वेच्या डॉक्टरांनी तपासलं. दादाने दोन्ही डोळ्यांनी शेवटच्या बारीक ओळीपर्यंत तक्ता वाचला. पुन्हा ए-वन. हलकं काम मागायची ही नवी युक्ती, असं साहेब म्हणाले. मला चिठ्ठी घेऊन बोलावलं. डॉक्टरांनी ती उलटसुलट केली. पुढे पाहुण्यांचं नाव ठळक छापलेलं, मागे पेन्सिल. शिबिराचा कागद इथे चालत नाही.

दादा थकून उभा होता. म्हणाला, “डॉक्टरसाहेब, तक्ता घिऊन शेडात चला.”

काय वाटलं कोण जाणे, डॉक्टर निघाले. तक्ता शेडच्या भिंतीवर उजेडात टांगला. दादाने इंजिनावर चढून भट्टीचं दार उघडलं, दहा फावडी कोळसा पडेल एवढा वेळ आत पाहिलं आणि खाली आला. डॉक्टरांनी स्वतःच्या तळहाताने त्याचा उजवा डोळा झाकला.

“वाच.”

“भिंत कुठं हाय?”

कुणीतरी हसलं, मग थांबलं. डॉक्टरांनी दुसऱ्या हातातलं घड्याळ धरून ठेवलं. नऊ मिनिटांनी दादा वाचायला लागला, आणि त्याने खालून सुरुवात केली. पडदा वर जातो तेव्हा आधी खालचं मोकळं होतं. सगळ्यात बारीक ओळ पहिली, मग तिच्या वरची, आणि ताटाएवढं ठळक अक्षर सगळ्यात शेवटी. डॉक्टरांनी हात काढला. माझ्याकडून चिठ्ठी मागून घेतली आणि या वेळी नीट वाचली.

अनफिटचा कागद तासाभरात मिळाला. दादाने इंजिनावरून आपला डबा आणि चिंधी घेतली. फायरमन डबा धरायला पुढे आला, पण दादाने दिला नाही.

क्वार्टरकडे चालताना तो म्हणाला, “एवढ्या परीक्षा दिल्या. नापास व्हायलाच लई खटपट पडली.” मग माझी एसटी कितीला, ते विचारलं.

फाटकापाशी आम्ही थांबलो. पलीकडच्या सिग्नलचा हात खाली आला. दादाने डबा खाली ठेवला, उजवा डोळा मिटला आणि सिग्नलकडे नीट पाहिलं.

“हात पडला,” तो म्हणाला.