बारीक रेघांचा कागद

आमच्या लॅबच्या मुख्य बाई ग्राफपेपर घ्यायच्या तो उजेडात धरून, पारखून. शहागंजच्या दुकानात काउंटरवरच स्टीलची पट्टी काढायच्या आणि कागदावरचे दहा सेंटिमीटर खरोखर दहा भरतात का ते बघायच्या. रेघा जाड असल्या, शाई पसरलेली असली, की गठ्ठा परत. दुकानदार म्हणायचा, "आपा, कॉलेजची पोरं हाच नेतात." "पोरांना मार्क पाहिजेत," आपा म्हणायच्या, "मला आकडा पाहिजे."

सगळा कारखाना त्यांना आपाच, म्हणजे थोरली बहीण, म्हणे. माहेर सिल्लोडचं, वडील कापसाचे व्यापारी. औषधांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या शेंद्र्याच्या त्या कारखान्यात मी शिकाऊ म्हणून लागले, तेव्हा माझा पहिलाच आलेख त्यांनी पुन्हा काढायला लावला. पडून राहिलेलं औषध हळूहळू कमजोर होत जातं. त्याचे आकडे मी साध्या कागदावर मांडले होते आणि रेघ वाकली होती. "बेटा, याला लॉगचा, वर दाटत जाणाऱ्या रेघांचा कागद दे. त्यावर सरळ आली तर भरवसा ठेव. वाकड्या रेघेवर नुसता अंदाज चालतो."

कॉम्प्युटर होताच. पण तो आलेखाचं प्रमाण आपल्या मनानं ठरवतो, ही त्यांची तक्रार. "त्याला सगळं एका पानात बसवायची घाई. बारीक फरक त्यात मरून जातो."

तसंच झालं. एका रिॲक्टरमधलं, म्हणजे रसायनाच्या मोठ्या बंद भांड्यातलं, मिश्रण आपोआप तापायचं आणि भोवती खेळवलेल्या पाण्यानं ते थंड ठेवावं लागे. प्लांटच्या साहेबांनी कॉम्प्युटरवरून छापून आणलेल्या कागदावर तापमानाची रेघ जवळजवळ आडवी होती. आपांनी तेच आकडे मोठ्या मिलिमीटर कागदावर, प्रमाण ताणून मांडले. मिश्रणाच्या दर घाण्याला पारा थोडा आणखी वर जात होता, आणि थोडा आधी. पाण्याच्या वाटेत क्षार साचत होते, म्हणून गारवा कमी पडत होता.

"बंद करून साफ करा," आपा म्हणाल्या.

"आपा, दोन अंशांचा फरक आहे. ही ऑर्डर जाऊ द्या, मग करू," साहेब म्हणाले.

आपांनी लेखी दिलं. आलेख रिॲक्टरशेजारच्या भिंतीवर चिकटवला. तिथं काम करणाऱ्या दत्तूनं तो वाचून विचारलं, "आपा, लई वर चाललंय का?" "हो. मी साहेबांना सांगितलंय," आपा म्हणाल्या.

त्याच आठवड्यात रिॲक्टर फुटला. भाजलेला दत्तू घाटीच्या सरकारी दवाखान्यात दोन दिवस होता. मग गेला.

चौकशीत साहेबांनी आपला आलेख दिला, आपांनी आपला. ती चौकशी अजून चालूच आहे. आपांना कुणी दोष दिला नाही. पुढं त्या दत्तूच्या घरी गेल्या, तेव्हा सोबत मी होते. त्याच्या बायकोनं विचारलं, "तुमाला ठावं व्हतं ना, आपा?"

"हो."

"मंग हाताला धरून भायेर का नाय काढलं त्याला?"

महिन्याभरात आपांनी नोकरी सोडली. थांबा म्हणून मी खूप विनवलं. टेबलाचा खण रिकामा करत त्या म्हणाल्या, "मला वाटलं, कागद बरोबर निवडला की काम झालं. पुढं तुला असं काही दिसलं, तर आधी भोंगा वाजव. माणसं बाहेर काढ. ग्राफ मागून काढ."

आपा आता सिल्लोडला असतात. शिकवण्या घ्या म्हणून लोक येतात. त्या नाही म्हणतात.

मागच्या वर्षी, दुसऱ्या कारखान्यात, मी भोंगा वाजवला. पारा चढत होता, पण पुढं काही झालं नाही. घाणा वाया गेला, आणि कारणे दाखवा नोटीस माझ्या हातात पडली. संध्याकाळी आपांना फोन केला. सगळं सांगितलं.

"सगळे घरी गेले ना?" त्यांनी विचारलं.

"हो आपा, गेले."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.