टोपलीची जागा

नगरपालिकेच्या सभागृहात पार्किंग शुल्कावर चर्चा सुरू होती. पत्रकारांच्या बाकावरून खिडकीखालची बाजारपेठ दिसते. तिथे रस्त्याकडेला एक टोपली पालथी घातलेली होती आणि तिच्यावर अर्धी वीट. भाजीवाल्या सखूबाई घरी जेवायला गेल्या की जागा अशी धरून ठेवतात. एसटीच्या सीटवरचा रुमाल सगळे मानतात, तशी बाजारात ही टोपली मानली जाते.

"पैसे लावले तर गिऱ्हाईक येईल का?" विरोधी बाकावरून एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं.

"अण्णा, तुमचीच गाडी सकाळपासून दुकानासमोर उभी आहे. गिऱ्हाइकानं लावायची कुठं?" समोरून उत्तर आलं. सभागृह हसलं.

वाद शुल्काचा होता. रस्त्याची कड गाड्यांसाठीच, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत होतं; ते कोणाला बोलूनही दाखवावं लागलं नाही. बाजारपेठेत दोन्ही कडांना सशुल्क पार्किंगचे पट्टे मारण्याचा ठराव मंजूर झाला.

खाली उतरलो तेव्हा सखूबाई परतल्या होत्या आणि टोपली सरळ करून मेथी मांडत होत्या. बातमी त्यांच्याआधी पोचली होती.

"पैसेच पाहिजेत ना? मी भरते. फाडा म्हणावं टोपलीच्या नावानं पावती."

"मावशी, टोपलीला नंबरप्लेट लागते," शेजारचा केळीवाला म्हणाला.

सखूबाई हसल्या नाहीत. अर्धी वीट त्यांनी गटाराच्या कडेला ठेवून दिली.

"उद्यापासून डबा इथंच आणते," त्या म्हणाल्या. "टोपलीला कुणीही उचलेल."