हर्षलची जागा

उरणात मला पुष्कळ जण ओळखतात. नाक्यावरचा चहावाला माझ्याकडून पैसे घेत नाही. शाळांच्या बक्षीस समारंभाला बोलावणं येतं, हार पडतो, ‘आपला लीगचा खेळाडू’ अशी ओळख करून दिली जाते. त्या सगळ्यांपैकी एकालाही मी हे सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. कितीदा ओठांपर्यंत आलं — आणि गिळलं. गिळायची सवय होते हो. खोटं बोलायची होते त्याहून लवकर.

कुठून सुरू करू? हर्षलपासूनच करावं लागेल.

हर्षल आणि मी एकाच आळीतले. दोघांच्या आजोबांची मिठागरं शेजारीशेजारी. आता दोन्हींवर भराव पडलाय आणि वर कंटेनर रचलेत. लहानपणापासून आम्ही कबड्डी खेळलो. तो चढाईला, मी पकडीला. पुढे कॉलेजात असताना मुंबईहून रग्बी शिकवणारे एक सर आले. त्यांना कबड्डीतली पोरंच हवी होती, कारण आम्हाला अंगावर येणाऱ्याची भीती नव्हती. त्यांनी खेळ दोन वाक्यांत सांगितला : लांबुळका चेंडू काखेत घ्यायचा, आडवे येतील त्यांना चुकवत समोरच्या रेषेपलीकडे टेकवायचा. चेंडू दुसऱ्याला द्यायचा तर फक्त मागच्याला.

मी तो खेळ शिकलो. हर्षलला तो यायचाच. हा फरक तुम्हाला कळतोय ना? मला पहिल्याच आठवड्यात कळला होता. आम्ही करंजा बंदराच्या बाजूला वाळूत सराव करायचो तेव्हा तो माझ्या हातातून असा निसटायचा की माझ्या मुठीत नुसती त्याच्या बनियनची शिवण उरायची. मग तोच मागे वळून मला हात द्यायचा, उठवायचा. मला तो हात आवडत नसे. तरी मी धरायचो.

मग लीग आली. तिचं पहिलंच वर्ष. शहरांच्या नावांचे संघ, त्यांचे मालक, टीव्हीवर सामने, भडक रंगांच्या जर्सी. एका बाजूला सातच जण आणि पाव तासात आटोपणारा सामना. फिजीचे, न्यूझीलंडचे नावाजलेले खेळाडू येणार होते, आणि प्रत्येक संघात थोडे आपले. त्या थोड्यांत हर्षलचं नाव लागलं. माझं पुकारलंच गेलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्याला खांद्यावर घेऊन आळीत नाचलो. सगळ्यांनी पाहिलं. माझ्याइतका आनंद कुणाला झाला नाही असं लोक म्हणाले. तुम्हाला खरं सांगू? त्याचं वजन खांद्याला रुतत होतं, आणि कधी एकदा खाली टाकतो असं झालं होतं.

पण थांबा. एक राहिलं. ते न सांगता पुढे गेलो तर कबुली अर्धीच राहील. त्या संघाच्या शिबिरात मीही गेलो होतो. राखीव म्हणून. कुणी जायबंदी झालं तर लागेल म्हणून सरावाला घेतलेली दोन-तीन पोरं असतात, त्यांतला एक. आणि मला तिथं घेतलं कुणी? हर्षलनंच. प्रशिक्षकाच्या मागे लागला. त्याचं इंग्रजी यथातथाच. तरी त्यानं त्या गोऱ्या माणसाला पटवलं, की ह्याच्याबरोबर मी लहानपणापासून खेळतोय, हा पाहिजेच. नंतर खोलीवर येऊन मला म्हणाला, “आता दोघं मिलून खेलू रं. तुझ्याशिवाय मना करमनार नाय.”

ज्यानं मला दारातून आत घेतलं, त्याच्याच जागेवर माझा डोळा होता. हे आज लिहितोय म्हणून दिसतंय असं नाही. तेव्हाही दिसत होतं.

शिबिर संपत आलेलं. लीग दोन-चार दिवसांवर. दुपारचा सराव चालू होता, माणूस पाडण्याचा. हर्षल चेंडू घेऊन धावला, एका धिप्पाड परदेशी खेळाडूनं त्याला कमरेत धरलं, दोघं आपटले. डोक्याला डोकं थोडं घासलं. मी चार पावलांवर होतो. हर्षल पडला तसाच उठला. कपाळ चोळलं, हसला, त्या परदेशी गड्याच्या पाठीत थाप मारली. बस. एवढंच झालं.

पण संघाचे डॉक्टर तेव्हा दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा तपासत होते. ते वळले तेव्हा हर्षल कपाळ चोळत उभा होता. त्याला पाडणारा पुढच्या रांगेत निघून गेलेला. डॉक्टर आले. डोक्याच्या बाबतीत हे लोक फार कडक असतात, असायलाच हवेत. संशय आला तरी त्या खेळाडूला बरेच दिवस मैदानात उतरवत नाहीत, आणि लीग तर चालणार होती जेमतेम पंधरवडा.

त्यांनी मला विचारलं, कारण मी जवळ होतो. “तू पाहिलंस ना? पडल्यावर शुद्ध गेली होती का त्याची?”

मी ‘नाही’ म्हणणार होतो. खरंच म्हणणार होतो का? आता मलाच सांगता येत नाही. तोंडातून आलं ते असं : “हो सर. थोडा वेळ. डोळे फिरले होते.”

कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही. कुणी धमकावलं नाही. ऊन होतं, मैदान होतं, आणि मी होतो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — नाही, तरी काही वेगळं झालं नसतं. पण मी थांबलोही नाही. डॉक्टरांनी विचारलं, नंतर काही विचित्र बोलला का? मी म्हणालो, आपण कुठे आहोत असं मला दोनदा विचारलं. अर्ध्या तासानं ते पुन्हा आले तेव्हा सांगितलं, मघाशी संडासाशी जाऊन ओकला. प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. डोक्याला मार लागला की काय होतं, हे शिबिराच्या पहिल्याच दिवशी आम्हाला नीट शिकवलं होतं. मी चांगला विद्यार्थी निघालो.

हर्षल भडकला. “काय पन काय सांगतंस? मना काय पन झाला नाय!” डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. फार मायेनं म्हणाले, “बाळा, शुद्ध गेलेल्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून तर आम्ही दुसऱ्याला विचारतो.”

तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. अंधारात पायरी चाचपावी तसं. “खरंच रं? माझी शुद्ध गेलती?”

आणि मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, “खरंच. तुला आठवत नाय.”

हेच ते. डॉक्टरांशी खोटं बोललो ते एक वेळ बाजूला ठेवा. जागा चोरली तेही ठेवा. पण मी त्याच्या डोक्यात हात घालून त्याचाच त्याच्यावरचा विश्वास काढून घेतला. तो हळूच म्हणाला, “तू सांगतंस म्हंजे असंल.”

हर्षल घरी गेला. माझं नाव संघात लागलं.

आता तुम्हाला वाटेल, निदान खेळ तरी चांगला केला असेल. ऐका. त्या सबंध मोसमात मला सामने हातून गेल्यावर शेवटच्या मिनिटाला उतरवायचे. एकदाच चेंडू माझ्या हातात नीट आला. समोर कोपरा मोकळा होता. उघडा. मी धावलो, आणि कुणी हातही लावायच्या आधी चेंडू माझ्या हातून पुढे सुटला. शिट्टी वाजली. तेवढंच टीव्हीवर दिसलो. त्या कोपऱ्यात हर्षल डोळे मिटून पोचला असता.

परत आलो तर मोरा बंदराच्या रस्त्यावर माझा फ्लेक्स. ‘उरणचा अभिमान’. तो बांधायला शिडीवर कोण चढलं होतं म्हणता? नाही, हर्षल चढला नव्हता. खाली उभा राहून दोर देत होता. म्हणाला, “वर चढलू असतू, पन चक्कर आली त?”

त्याला चक्कर कधी आली नव्हती. तरी तिला तो भ्यायला लागला होता.

पनवेलला तपासण्या झाल्या. सगळं स्वच्छ. पण त्याच्या आईनं, सुषमाकाकीनं, कुणाकडून तरी ऐकलं की डोक्याचं फोटोत दिसतंच असं नाही. तिनं त्याचे बूट उचलून कुणाला तरी देऊन टाकले. हर्षलकडे अवजड गाडीचा परवाना होता, काकाचा ट्रेलर होता, बंदरावर कामाला तोटा नव्हता. त्यानं स्टिअरिंग सोडलं. गाडी चालवताना पुन्हा शुद्ध गेली आणि माणसं मेली तर? असं तो म्हणायचा. ‘पुन्हा’ म्हणायचा. तो शब्द त्याच्या तोंडात मी घातला होता. आता तो मेव्हण्याच्या फरशांच्या दुकानात बसतो.

सांगायची संधी मिळाली नाही असं मी म्हणणार नाही. मिळाली. घरी चालून आली.

हर्षलचं लग्न जमत होतं, दिवेआगरकडची मुलगी. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. मुलीचे वडील एका सकाळी माझ्याकडे आले. साधा माणूस, वाडीतल्या सुपाऱ्या घेऊन आला होता. आईनं चहा ठेवला. ते म्हणाले, “तुम्ही त्याचे जवळचे. पोरीचा बाप हाय म्हणून विचारतो, राग मानू नका. त्याच्या डोक्याला काय झालं होतं म्हणतात?”

किती सोपं होतं! ‘काही झालं नव्हतं’ एवढं म्हटलं की झालं. ते खरं होतं. पण त्यांनी पुढे विचारलं असतं, मग खेळ का सोडला? तुम्हीच सांगितलंत ना डॉक्टरला? आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. मी कप फिरवत राहिलो. म्हणालो, “आता बराय तो. तसं काळजीचं कारण नाही.”

‘आता बराय.’ पोरीच्या बापाला याहून जास्त काय लागतं? त्यांनी चहा संपवला, हात जोडले, गेले. आठवड्याभरात त्यांचा निरोप आला, पत्रिका जुळत नाही म्हणून. हर्षल माझ्याकडेच येऊन बसला. रडला नाही. फक्त म्हणाला, “बराबर हाय त्यांचा. मी माझी पोर दिली असती का?”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याच्या डोक्यात घातला होता तोच.

मला पुढे नवी मुंबईत एका शाळेत खेळाचा शिक्षक म्हणून घेतलं. लीग खेळलेला माणूस म्हणून. पोरांना मी शिकवतो, डोक्याला लागलं तर लपवायचं नाही, मित्राला लागलं तर मोठ्यांना सांगायचं. बोलताना आवाजही कापत नाही माझा.

गेल्या मोसमात एका सामन्यात एक खेळाडू डोक्यावर आपटला. हर्षल आणि मी आमच्या घरी टीव्हीवर बघत होतो. स्ट्रेचर आत आलं, तो माणूस हलेना. हर्षल उठून उभा राहिला. पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “दुसरा कोनी असता ना, दोस्तीखातर खोटा बोलला असता. सांगितला असता, याना काय झाला नाय, खेलू द्या. तू नाय बोललास. तू खरा सांगितलास, म्हनून मी जित्ता हाय.”

बायको आतून ऐकत होती. नंतर मला म्हणाली, किती मोठं मन आहे हो भाऊजींचं, आणि तुमचंही. मी काय केलं? मी आवाज वाढवला टीव्हीचा.

तेव्हाही सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. सांगितलं तर काय होईल याचे सगळे हिशेब करून झालेत माझे, आणि प्रत्येक हिशेबात मी स्वतःलाच वाचवतो असं दिसतं. त्याची वर्षं त्यात कुठेच येत नाहीत.

काल बाजारात तो दिसला. मी दिसलो नाही त्याला. पेठेच्या तोंडाशी रस्ता ओलांडायचा होता. वाहनं फार नव्हती. तरी तो कडेला थांबला, खांबाला हात लावला, क्षणभर डोळे मिटले, आतलं सगळं जागेवर आहे का ते चाचपलं. मग सावकाश एक पाऊल टाकलं, म्हाताऱ्या माणसासारखं. जो माणूस वाळूत कुणाच्या हाती लागत नसे तो.

त्याला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं. तो पडला, उठला आणि हसला. मी चार पावलांवर होतो.