गुरुवारी या

"असू दे. गुरुवारी या." नाक मुरडणाऱ्या गिऱ्हाइकाला अण्णा एवढंच सांगायचे, फोटो खाकी पाकिटात घालायचे आणि पाकिटावर निळ्या पेनानं ठळक अक्षरात 'गुरुवार' लिहायचे. आवाज चढलाय, हात आपटलाय, असं कधीच नाही.

दाजीबानपेठेत एका कापडदुकानाच्या माडीवर त्यांचा स्टुडिओ होता. लग्नाळू मुलींचे फोटो काढावेत तर अण्णांनीच, असं निदान अण्णा तरी सांगत. पण मुलींच्या आया! "आमची इतकी काळी नाही हो." "नाक असं कुठाय तिचं?" अण्णा मान डोलवून पाकीट भरत. गुरुवारी तोच फोटो, तीच प्रत, फक्त पाकीट नवं. आई खिडकीच्या उजेडात तो धरून बघायची आणि समाधानानं म्हणायची, "हां, आता बरा आलाय."

"ही फसवणूक आहे अण्णा," मी एकदा म्हटलं.

"फोटू तोच असतोय रे तम्मा. बघणारा चार दिवसांत निवतोय." तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. मी त्यांच्या मुलीहूनही लहान, पण सोबत चहा पिणाऱ्याला ते भाऊच करून टाकत.

मी गावाबाहेर बेलूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कामाला. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन भटकायचं आणि काढलेले फोटो एका परदेशी वेबसाइटवर विकायला पाठवायचे, हा माझा नाद. तिथं फोटो तपासायला कोणीतरी बसलेलं असतं. ते कोण, कुठलं, काही कळत नाही. पसंत पडला तर ठेवतात, नाहीतर एका ओळीचं कारण देऊन परत. ती ओळ वाचली की माझं डोकं असं फिरायचं की आजच कॅमेरा विकून टाकतो म्हणत मी तडक अण्णांची माडी गाठायचो.

एकदा मी गिरमिटाचा फोटो पाठवला. चुरमुरे, कांदा, टोमॅटो, वर शेव, बाजूला मिरची भजी. उत्तर आलं, 'रचनेत फार पसारा.'

"गिरमीट म्हणजे पसाराच की!" अण्णा खूश होऊन म्हणाले. "तुझी ती पलीकडं बसलेली आहे ना, ती पोरीची आई आहे बघ. गुरुवारी परत पाठव."

तेव्हापासून तो तपासनीस आमच्यात 'पोरीची आई' झाला. मी गुरुवारी तोच फोटो पाठवला आणि तो चक्क पसंत पडला! मी पेढे घेऊन जिना चढलो. अण्णांनी पेढा खाल्ला, फोटो पाहिला आणि म्हणाले, "असू दे."

इथंच माझं दुखणं होतं. परदेशात फोटो खपला तरी मला हवं होतं ते अण्णांच्या तोंडचं 'बरा आलाय'. ते त्यांनी माझ्या एकाही फोटोला दिलं नव्हतं.

मग मी खालच्या दुकानातल्या इरकली लुगड्यांच्या घड्यांचा फोटो पाठवला. 'चौकट वाकडी' म्हणून तो परत आला. गुरुवारी पुन्हा पाठवला. या वेळी उत्तरात दम होता: तोच फोटो पुन्हा पाठवलात तर खातं बंद करू. मला घाम फुटला. अण्णांनी मात्र चष्मा काढून त्या उत्तराला नमस्कार केला.

"चाळीस वर्षांत ओळखणारी आई ही पहिलीच!" मग चष्मा पुन्हा चढवून त्यांनी फोटो नीट न्याहाळला. "आणि तम्मा, वाकडंच आहे की रे हे."

खरंच वाकडं होतं. रागाच्या भरात मी ते बघितलंच नव्हतं. आम्ही दोघं खाली गेलो, अण्णांनी स्वतः स्टूल धरलं आणि मी फोटो परत काढला.

"ती म्हणतीय ते खरं आहे का, हे आधी बघायचं," वर येताना ते धापा टाकत म्हणाले. "खरं असलं तर परत काढायचा. नसलं तरच गुरुवार."

ती धाप पुढं वाढली. डॉक्टरांनी जिना बंद केला, तरी अण्णा दोन पायऱ्यांमागं एकदा थांबत वर यायचेच. एक दिवस म्हणाले, "माझा एक काढून ठेव रे. नाहीतर पोरगी ऐनवेळी लग्नातला जिलेबी खातानाचा लावंल भिंतीवर."

मी त्यांना त्यांच्याच खिडकीपाशी बसवलं आणि जीव ओतून फोटो काढला. पुढच्या रविवारी प्रत नेली. अण्णांनी ती उजेडात धरली, मान तिरकी केली, थेट त्या आयांसारखी.

"छे! नाक असं कुठाय माझं?"

मी क्षणभर भडकलो, आणि मग मला हसू फुटलं. त्यांच्याच टेबलावरचं खाकी पाकीट घेतलं, त्यांच्याच निळ्या पेनानं वर 'गुरुवार' लिहिलं. "असू दे अण्णा. गुरुवारी आणतो."

खोकला लागेपर्यंत ते हसले. "आण, आण."

मंगळवारी अण्णा गेले.

शनिवारी त्यांची मुलगी, आमची अक्का, फोटो मागायला माझ्या घरी आली. मी पाकिटातून काढून दिला. तिनं पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. वडिलांना ती अप्पा म्हणायची.

"हे अप्पा नव्हेत रे. माझे अप्पा असे दमलेले कुठं होते?"

मी फोटो परत घेऊन दाराआड उभा राहून पाहिला. अण्णांनी शिकवलं होतं तसं, ती म्हणते ते खरं आहे का, हे आधी पाहिलं. फोटोत अण्णा होते. दमलेले होते, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसत होते. मला फार रडू आलं. कसाबसा आवाज सावरून म्हटलं, "असू दे अक्का. गुरुवारी ये."

गुरुवारी ती आली. मी तीच प्रत नव्या पाकिटात घालून तिच्या हातात दिली. ती खिडकीपाशी गेली, फोटो उजेडात धरून बराच वेळ उभी राहिली, आणि पदरानं डोळे पुसून म्हणाली,

"हां. आता बरा आलाय."