स्टेनलेसचा कोयता

आमच्या घरात बीएस्सी झालेली मी पहिली. ऐंशीच्या सुमारास बोईसरच्या एका कारखान्यात पोलादाचे नमुने तपासायची नोकरी लागली, तेव्हा वाटलं, आता आई चारचौघींत माझं नाव काढील. पण पालघरच्या बाजारात मासळी विकताना आई गिऱ्हाइकांना सांगायची ते दादाच्या कोयत्याचं. दादा सातवी नापास, गॅरेजात कामाला. ट्रकच्या मोडक्या कमानपाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीतून, त्याने लोहाराकडून तो कोयता घडवून घेतला होता. तापलेलं पातं पाण्यात बुडवून कडक करताना, म्हणजे पाणी देताना, स्वतः उभा राहिला होता. घोळ माशाचा जाड काटा एका घावात तुटायचा.

"माज्या पोराचा हाय," आई म्हणायची. मी शेजारी उभी असले तरी.

मग मी कारखान्यातल्या फिटरकडून स्टेनलेसचा कोयता करून आणला. आरशासारखा लखलखीत. आईने तो पदराने पुसला आणि ट्रंकेत ठेवला. "येवडा चांगला म्हावऱ्यात कशाला खराब करू?"

तेव्हा मी खोटं बोलले. दादाच्या कोयत्यावर रात्रीतून गंज यायचा, आई सकाळी वाळूने घासून काढायची. मी मुद्दाम पुस्तकी भाषेत म्हटलं, "तो गंज पोटात जातो. विषासारखा असतो."

"शिकलेली हाय ती. तिचं आयक, आये," दादाच म्हणाला. जुना कोयता वाशाला खोचला गेला.

महिनाभर माझ्या कोयत्याची धार सकाळी तशीच असायची. मी घरात ऐटीत फिरले. एका सुट्टीच्या संध्याकाळी मागच्या दारी गेले, तर दादा धुण्याच्या दगडावर माझा कोयता घासत बसलेला.

"रोज घासतोस?"

"दोन सुरमई कापल्या का बोथट होतो तुजा. आयला बोलू नको. बाजारात तुजं नाव घेते ती."

भांड्यांच्या जातीचं स्टेनलेस ते. त्यात कार्बन नावापुरता. कितीही तापवून पाणी द्या, कडक होत नाही. कमानपाटा गंजतो, पण धार धरून ठेवतो. परीक्षेत विचारलं असतं तर मी पान भरून लिहिलं असतं. दादाने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला कोयत्याहून जास्त हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना कोयता काढला, वाळूने घासला, खोबरेल लावलं आणि आईच्या पाटीत ठेवला.

"आनी ते गंजाचं इख?" आईने विचारलं.

"नाय तसलं काय. पुसलं का झालं."

आईने उजवं मनगट चोळलं. "मंग महिनाभर त्या बोथट कोयत्यानं मी हात कशापायी मोडून घेतला?"

दादा दारात चहा पीत होता. त्याच्याकडे न बघता मी पाटीतला कोयता पुन्हा पुसायला घेतला. त्याने मान खाली घातली आणि बशीतला चहा फुंकत राहिला.